दूरची लढाई, जवळची माणसे



आज आपण सोलापूरच्या एका डॉक्टरची गोष्ट वाचणार आहोत. पण गोष्टीच्या आधी एक प्रश्न. हा प्रश्न आमच्या बोईसरच्या रात्रीच्या वर्गात एका मावशींनी विचारला होता.

त्या दिवशी वर्गात वर्तमानपत्र वाचायचे होते. एका बाईंनी अडखळत अडखळत बातमी वाचली. दूरच्या देशात लढाई चालली होती. दवाखान्यावर बाँब पडला होता. लहान मुले जखमी झाली होती. बातमी वाचून संपली आणि वर्ग गप्प झाला.

मग मागच्या रांगेतून मावशी बोलल्या. मावशी तारापूरच्या. सुकट आणि सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसतात.

त्या म्हणाल्या, "ऐकून वाईट वाटतं हो. पण आपलंच पुरं पडत नाय. घरात खाणारी सहा तोंडं. त्या परक्या मुलखातल्या माणसांसाठी आपण काय करणार? आणि का करायचं?"

प्रश्न खरा आहे. जो रोज कमावतो आणि रोज खातो, त्याला हा प्रश्न पडणारच. "असं बोलू नये, मावशी," असे म्हणून आम्ही त्यांना गप्प केले नाही. आम्ही म्हणालो, "पुढच्या आठवड्यात याचं उत्तर शोधू." ते उत्तर म्हणजे हा धडा.

समुद्रावरचा रिवाज

मावशींचे मालक खलाशी आहेत. म्हणून आम्ही आधी त्यांनाच विचारले, "मावशी, खोल समुद्रात दुसऱ्याची बोट बंद पडली, तर आपले लोक काय करतात?"

"दोर टाकतात. ओढून आणतात."

"त्यात आपलं डिझेल जळतं. मासेमारीचा दिवस जातो. तरी आणतात?"

"आणायलाच लागतं."

"ती बोट कोणत्या गावची, हे आधी विचारतात का?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "बुडणाऱ्याला कोण गाव विचारतो?"

पाहा, अर्धे उत्तर मावशींपाशीच होते. सातपाटी, मुरबे, तारापूर, डहाणू, कुठल्याही बंदरावर विचारा. हाच रिवाज सांगतील. आज त्याच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल, हे समुद्रावरचा माणूस जाणतो.

पण बंद पडलेली बोट डोळ्यांना दिसते. दूरची लढाई दिसत नाही. जे दिसत नाही, त्यासाठी माणसाने हात कसा पुढे करावा? आता गोष्ट ऐका.

चीनवर आलेले संकट

चीन हा आपल्या देशाच्या उत्तरेला, हिमालयाच्या पलीकडे पसरलेला मोठा देश आहे. १९३७ साली जुलै महिन्यात जपानच्या फौजा चीनमध्ये पुढे सरकू लागल्या. शहरांवर बाँब पडले. डिसेंबरात नानकिंग शहर पडले. तिथे हजारो निःशस्त्र माणसे मारली गेली. चीनचे सैनिक लढत होते, पण जखमींना तपासायला डॉक्टर नव्हते. औषधे नव्हती. पट्ट्या बांधायला स्वच्छ कापडसुद्धा पुरत नव्हते.

चू तेह नावाचे चीनचे एक सेनापती होते. त्यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिले आणि डॉक्टरांची व औषधांची मदत मागितली.

आता त्या वेळी आपली स्थिती काय होती, ते आठवा. आपला देश पारतंत्र्यात होता. राज्य इंग्रजांचे होते. आपल्याकडे गरिबी होती, साथीचे रोग होते, खेड्यात डॉक्टर मिळत नव्हता. "आमचंच पुरं पडत नाही," असे म्हणायला आपल्या लोकांना पुरेपूर जागा होती.

तरी लोकांनी तसे म्हटले नाही.

एका आण्याचा हिशेब

१९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी चीनच्या मदतीसाठी देशाला आवाहन केले. ठिकठिकाणी 'चीन दिन' पाळले गेले. सभा झाल्या. वर्गणी गोळा झाली. सरकार आपले नव्हते, म्हणून सरकारी तिजोरीतून पैसा येणार नव्हता. पैसा लोकांनीच द्यायचा होता.

या फंडात सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले. जखमींना नेण्याची गाडीही पाठवायची ठरली.

आज २२,००० रुपये आपल्याला फार वाटणार नाहीत. पण तेव्हाचा रुपया मोठा होता. एका रुपयात १६ आणे असत. आपण एक हिशेब करू. समजा, प्रत्येक माणसाने एकच आणा दिला. मग २२,००० रुपये जमायला किती माणसे लागतील?

२२,००० गुणिले १६. उत्तर येते ३,५२,०००.

म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त माणसे! कोणी रुपया दिला असेल, कोणी दहा दिले असतील. पण एकेक आण्याचा विचार केला म्हणजे कळते, एकट्याचा आणा काहीच नाही. आणे एकत्र आले की त्यांचा दवाखाना होतो.

पाच डॉक्टर

पथकात पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते स्पेन देशातल्या लढाईतही जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील होते. कलकत्त्याचे दोघे होते, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि पाचवे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. त्यांचे डॉक्टरीचे शिक्षण मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. ते पुढे आणखी शिकण्याच्या तयारीत होते. वय २७. मुंबईत राहते तर नाव झाले असते, पैसाही मिळाला असता. पण चीनला जायचे का, असे विचारले तेव्हा ते तयार झाले.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पाच जण मुंबईहून आगबोटीने निघाले. चीनमध्ये आधी हांकौ, मग चुंगकिंग अशा शहरांत त्यांनी काम केले. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनान या डोंगराळ भागातल्या गावी पोहोचले. तिथे लोक डोंगरात खोदलेल्या घरांत राहत होते.

वाटेत असतानाच कोटणीसांना सोलापूरहून बातमी कळली. वडील वारले. त्या वेळी ते घरी परत फिरते, तर कोणीही त्यांना नाव ठेवले नसते. पण त्यांनी ठरवले, हातात घेतलेले काम अर्धे टाकायचे नाही.

डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाला

आता जे सांगणार आहोत, ते आपण सर्वांनी नीट ऐकावे. कारण ते आपल्या वर्गाचेच आहे.

चीनमध्ये कोटणीस शिकलेले असूनही अडाणी ठरले! तिथली भाषा त्यांना येत नव्हती. पाट्या वाचता येत नव्हत्या. रोग्याला "कुठे दुखतं?" एवढेसुद्धा विचारता येत नव्हते. दुभाष्याशिवाय काम अडे.

चिनी लिपी फार कठीण. आपल्यासारखी तिला बाराखडी नाही. एकेका शब्दासाठी वेगळी खूण. अशा हजारो खुणा ध्यानात ठेवायच्या. कोटणीस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती लिपी शिकायला बसले. चुकले, खोडले, पुन्हा लिहिले. होता होता ते चिनी बोलू लागले. मग वाचू लागले. मग लिहू लागले. पुढे त्यांनी चिनी मुलामुलींना चिनी भाषेतच डॉक्टरी शिकवली आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे धडेही चिनीत लिहिले.

तेव्हा "आता या वयात काय शिकायचं?" असे ज्याला वाटेल, त्याने सोलापूरच्या या डॉक्टरची आठवण करावी.

लढाईच्या तोंडावर

पुढे कोटणीस उत्तर चीनमध्ये ऐन लढाईच्या भागात गेले. तिथे दवाखान्याला पक्की इमारत नव्हती. शेतकऱ्यांची घरे हाच दवाखाना. शत्रू जवळ आला की रोग्यांना उचलायचे आणि दुसऱ्या गावी न्यायचे. शत्रूने वेढा घातलेला, म्हणून औषधे फार थोडी.

१९४० साली एका मोठ्या लढाईत जखमींची रीघ लागली. तेव्हा कोटणीसांनी ७२ तास लागोपाठ शस्त्रक्रिया केल्या. ७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री.

त्यांच्या आधी तिथे कॅनडा देशातले डॉ. बेथ्यून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. ती चिघळली, विष अंगात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने दवाखाना निघाला. १९४१ च्या जानेवारीत त्या दवाखान्याचे प्रमुख म्हणून कोटणीसांना नेमले. कॅनडाच्या माणसाचे काम सोलापूरच्या माणसाने पुढे चालवले. रोगी चिनी!

तिथेच कोटणीसांनी क्वो चिंगलान नावाच्या चिनी बाईंशी लग्न केले. त्या परिचारिकांना शिकवीत असत. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

पण कामाने आणि हालअपेष्टांनी कोटणीसांचे शरीर खंगले होते. त्यांना फेफरे येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. वय अवघे ३२. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

पाच डॉक्टर गेले होते. चार परत आले.

त्याच वर्षी पालघरात

१९४२ साल आपल्या पालघरला विसरता येणार नाही. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. (आपला पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला.) गांधीजींनी 'चले जाव' म्हटले आणि गावोगावचे लोक उठले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. पोलिसांनी गोळीबार केला. आपले पाच जण हुतात्मे झाले. दर वर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी आपण त्यांना फुले वाहतो.

पालघरात गोळी चालली, त्यानंतर नऊच दिवसांनी तिकडे कोटणीसांचा मुलगा जन्मला. एकाच वेळी आपले काही लोक घरच्या स्वातंत्र्यासाठी छातीवर गोळी झेलत होते. त्याच वेळी आपलाच एक माणूस परक्या जखमींच्या अंगातली गोळी काढत होता. यातले कोणते काम मोठे आणि कोणते लहान? आम्हाला वाटते, ही तुलनाच करू नये. घरच्यासाठी झटणारे हात दूरच्यासाठीही उठतात. ज्याला आपल्या दुःखाची जाण आहे, त्यालाच दुसऱ्याचे दुःख लवकर कळते.

मग मदत वाया गेली का?

वर्गातल्या एका तरुणाने इथे आम्हाला अडवले. तो बोईसरला कारखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, "गुरुजी, पण पुढं १९६२ साली चीननंच आपल्यावर हल्ला केला. आपले जवान मेले. मग त्यांना मदत करून काय मिळालं? वाया गेली की!"

हाही प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९६२ च्या लढाईत आपले हजारो जवान कामी आले. ते दुःख खरे आहे.

पण कोटणीसांनी कोणाला मदत केली होती? रक्त वाहणाऱ्या माणसांना. ज्याचा पाय कापायचा होता, त्याचा जीव त्यांनी वाचवला. ज्या बाईचे मूल तापाने फणफणले होते, तिच्या मुलाला औषध दिले. पुढे वीस वर्षांनी दोन सरकारांचे भांडण झाले, म्हणून तो वाचलेला जीव खोटा ठरत नाही. ओढून आणलेल्या बोटीवरचा माणूस उद्या बाजारात आपल्याशी भांडेल. म्हणून काल त्याला बुडू द्यायला हवे होते का?

आणखी एक गोष्ट. दोन देशांत लढाई झाली तरी कोटणीसांची समाधी चीनच्या लोकांनी जपली. ती शिचियाच्वांग शहरात आहे. चीनने १९८२ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आपल्या सरकारने १९९३ साली काढले. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. सरकारांचे जमले नाही, तेव्हाही लोकांनी हे नाव पुसले नाही.

पाच पैशांचे तिकीट

कोणी म्हणेल, "कोटणीस डॉक्टर होते, म्हणून गेले. आम्ही कुठे जाणार?"

सगळ्यांनी जायचे नसते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात लढाई पेटली. तोच पुढे बांगलादेश झाला. जीव वाचवण्यासाठी सुमारे एक कोटी माणसे आपल्या देशात आली. चिखलात, पावसात, तंबूंत राहिली. पटकीची साथ आली. एवढ्या माणसांना अन्न कोठून आणायचे?

तेव्हा सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून एक नियम केला. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावायचे. ते पैसे या निर्वासितांसाठी. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा नियम होता. पालघरच्या टपालपेटीत पडणाऱ्या पाकिटालाही तो लागू होता. मुलाच्या नोकरीचे पत्र असो की मुलीच्या सोयरिकीचे, त्यावर पाच पैसे दूरच्या कुटुंबाचे.

हा कर होता. तो मनाने दिलेला दानधर्म नव्हे, हे खरे. पण त्यातून एक गोष्ट दिसली. एक कोटींचा भार कोणा एकाला उचलता आला नसता. पाच पाच पैशांनी तो थोडा तरी वाटून घेता आला.

गाव सुटणे म्हणजे काय, हे आपल्या भागातही लोक जाणतात. अणुवीज केंद्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरे सोडावी लागली. तिथे लढाई नव्हती, बाँब नव्हते. तरी उंबरठा सोडताना पाय जड झाले. मग पाठीमागे गोळ्या सुटत असताना, मूल काखेला मारून ज्यांनी उंबरठा सोडला, त्यांचे काय झाले असेल?

मदत करताना

आजही जगात लढाया चालू आहेत. आजही मदतीची हाक येते. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवू.

१. पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून देऊ नका. झेपेल तेवढेच द्या. एक रुपयासुद्धा लहान नाही.

२. कोणाला देता ते आधी पाहा. पावती घ्या. पावतीवरचे नाव आणि आकडा स्वतः वाचा. वाचायला शिकलो ते कशासाठी? मोबाइलवर रडणाऱ्या मुलाचे चित्र पाठवून पैसे मागणारे ठकही असतात. खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

३. फाटके कपडे म्हणजे मदत नव्हे. जे आपल्या मुलाच्या अंगात घालू, तेच दुसऱ्याच्या मुलाला द्या.

४. पैसे नसतील तर निदान शब्द चांगला ठेवा. कोणाच्या मरणावर हसू नका. खोटी बातमी पुढे पाठवून द्वेष वाढवू नका. हीसुद्धा मदतच आहे.

मावशींचे बोट

हा धडा आम्ही वर्गात वाचला, तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. म्हणाल्या, "बोईसर कुठं आहे?" आम्ही दाखवले. "आणि सोलापूर?" तेही दाखवले. मग त्यांनी स्वतःच अक्षरे लावून 'चीन' शोधले. सोलापुरावर ठेवलेले बोट मुंबईला आणले. तिथून समुद्रात नेले, देशाला वळसा घातला आणि चीनपर्यंत सरकवत नेले.

"लय लांब आहे," त्या म्हणाल्या.

थोडा वेळ बोट तिथेच ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या घरच्यांना तर किती लांब वाटलं असेल!"

आम्हाला वाटते, मावशींचा प्रश्न तिथे सुटला. दूरच्या माणसाचे घर त्यांना दिसले होते.

शब्द आणि अर्थ

पारतंत्र्य – परक्यांचे राज्य असणे
आवाहन – सर्वांना केलेली विनंती
दुभाष्या – एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगणारा
परिचारिका – रोग्यांची सेवा करणारी, नर्स
निर्वासित – घरदार सोडून यावे लागलेला माणूस

उत्तरे सांगा

१. बंद पडलेली बोट ओढून आणताना खलाशी काय विचारीत नाहीत?
२. डॉ. कोटणीस कोणत्या गावचे? ते चीनला कोणत्या वर्षी गेले?
३. त्यांना चिनी भाषा का शिकावी लागली?
४. पालघरचे पाच जण कोणत्या दिवशी हुतात्मे झाले?

हिशेब करा

प्रत्येकाने दोन आणे दिले असते, तर २२,००० रुपये किती माणसांत जमले असते?

आपसात बोला

आपल्या गावाने कधी परगावच्या संकटात मदत केली आहे का? आपल्या संकटात कोणी परका धावून आला आहे का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यावर पाच ओळी स्वतः लिहा.